काचेच्या डोक्यातलं माजघर

कोकणातल्या जुन्या घरात मंगळुरी कौलांच्या ओळीत एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. दुपारी त्यातून माजघरात उन्हाचा खांब उतरतो. तो दिसतो हवेतल्या धुळीमुळे आणि चुलीच्या धुरामुळे. घर बरेच दिवस बंद राहून हवा निवळली की खांब जवळजवळ नाहीसा होतो आणि जमिनीवर उन्हाचा चौकोन तेवढा उरतो.

माणसाचं मन आणि त्याची ओळख हा विषय घेऊन काचेत काम करायचं असेल, तर सुरुवात या खांबापासून करावी. काच पारदर्शक आहे, म्हणून आतलं दाखवायला सोपी, असं वाटतं. पण निर्दोष काचेच्या आत काहीच दिसत नाही, कारण प्रकाश सरळ पार होतो. काही दिसायला हवं असेल तर प्रकाशाची वाट मोडणारं काहीतरी आत असावं लागतं: कोरलेली रेष, बुडबुडा, पोकळी, जाडीतला फरक. शिल्पात 'मन' म्हणून जे दिसतं ते काचेत मुद्दाम ठेवलेल्या खोटीतून घडतं. खोट कुठे ठेवायची, किती ठेवायची आणि बाकीची काच किती स्वच्छ राखायची, यातच सगळं कसब आहे.

हे साधण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक थरांची: सपाट काचा एकामागे एक उभ्या करायच्या आणि प्रत्येकीवर डोक्याचा एकेक छेद कोरायचा. दुसरी ओतीव: साच्यात काच वितळवून भरीव डोकं करायचं आणि त्याच्या आत पोकळी ठेवायची. दुसरीला भट्टी लागते. पहिली मात्र तालुक्याच्या गावातला काचवाला, एक चांगला सुतार आणि हातात धरायचं कोरणयंत्र एवढ्यावर होते, म्हणून इथे तिच्यावर जास्त वेळ घालवू.

थरांच्या कल्पनेचं मूळ कलेपेक्षा विज्ञानात सापडतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९४०च्या दशकात क्ष-किरणांनी पेनिसिलिनची रचना शोधली, तेव्हा रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची दाटी त्यांनी समोच्च रेषांनी पर्स्पेक्स या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पत्र्यांवर काढली आणि ते पत्रे एकावर एक रचले. ब्रिटिश शिल्पकार अँजेला पामर यांनी हीच रीत माणसाच्या डोक्याला लावली. एमआरआयमधले छेद काचांवर कोरून त्या ओळीने उभ्या केल्या. समोरून बघितलं की मेंदू हवेत तरंगतो आणि बाजूला गेलं की दिसेनासा होतो. ओळखीबद्दल बोलणारं माध्यम म्हणून मला यापेक्षा नेमकं काही ठाऊक नाही, कारण इथे माणूस कुठल्याच एका काचेवर नसतो. तो बघणाऱ्याच्या डोळ्यात जुळतो.

माप

डोकं खऱ्या आकाराचंच करावं. अर्ध्या आकारात काचांमधली फट इतकी अरुंद होते की आत बसलेली धूळ निघत नाही. ४ मिमीच्या १६ काचा आणि प्रत्येक दोनांत ८ मिमी फट घेतली, तर एका काचेपासून पुढच्या काचेपर्यंत १२ मिमी होतात आणि सगळी रांग १८४ मिमी लांब होते. माणसाचं डोकं कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत जवळपास एवढंच असतं. प्रत्येक काच २५० मिमी रुंद, ३५० मिमी उंच. काचेची घनता पाण्याच्या अडीच पट असते, त्यामुळे एका काचेचं वजन ८७५ ग्रॅम आणि सोळांचं मिळून १४ किलो भरतं.

सोळापेक्षा जास्त काचांचा मोह धरू नये. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका काचेला पृष्ठभाग दोन, म्हणून जेमतेम ९२ टक्के प्रकाश थेट पुढे जातो. सोळा काचांनंतर त्यातला साधारण पाव भाग उरतो. आणखी आठ काचा वाढवल्या की मागचे छेद धुक्यात जातात.

काचवाल्याकडे १९ काचा सांगाव्यात, तीन हाताशी जास्त. काच साधी हवी, टफन (तापवून झटकन थंड करून कडक) केलेली चालणार नाही. टफन काचेच्या पृष्ठभागात दाब कोंडलेला असतो. खोल कोरायला गेलं की ती सगळीच्या सगळी चुरा होऊन खाली येते. चारी कडांना पॉलिश करून घ्यावं. खालची आणि वरची कड गोल न करता सपाट ठेवून चकचकीत करायला सांगावी, कारण प्रकाश तिथूनच आत शिरणार आहे. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून कड हिरवी दिसते. एक्स्ट्रा क्लिअर काचेत तो बराच कमी आणि दर बराच जास्त. या कामाला साधी काच घ्यावी असं माझं मत आहे. मागे जाईल तसा हिरवेपणा गडद होत जातो आणि खाडीच्या पाण्यात वाकून बघितल्यासारखी खोली येते.

काचा एप्रिल-मेमध्येच आणून ठेवाव्यात. गोदामात चिकटून रचलेल्या काचांमध्ये पावसाळी दमट हवेचं पाणी अडकलं, तर ते काचेतला सोडियम ओढून घेतं आणि अल्कधर्मी होतं. मग तेच पाणी काच खाऊ लागतं. आधी इंद्रधनुषी डाग पडतो, नंतर पांढरट, आणि तो धुऊन जात नाही. घरी आणल्यावर दोन काचांमध्ये कोरडा कागद घालून त्या उभ्या ठेवाव्यात.

छेद कुठून आणायचे

एमआरआय असेल तर चेहऱ्याला समांतर, म्हणजे पुढून मागे एकामागे एक येणारे छेद निवडावेत. १ मिमीच्या मालिकेतला प्रत्येक बारावा छेद घेतला की आपलं माप जुळतं. फायलीत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख असते, ती काढावी. पण तेवढं पुरत नाही: एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो. ज्याचं डोकं आहे त्याला सगळं समजावून, विचारूनच काम हाती घ्यावं.

एमआरआय नसेल तर पाण्याने काम होतं, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला ही रीत सांगावीही लागू नये. ओहोटी लागली की खडकावर जशा एकाखाली एक रेषा राहतात, तसंच. डोकं आधी शाडूत घडवावं आणि प्लॅस्टरमध्ये उतरवावं. पेणपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत गणपतीच्या शाळांमध्ये साचा काढणारे हात आहेत, त्यांची मदत घ्यावी. शाडूचं डोकं तसंच पाण्यात घालू नये, ते विरघळतं. प्लॅस्टरला ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत, नाहीतर ते पाणी पिऊन पातळी खाली नेतं.

डोकं टबात, चेहरा वर करून, तळाशी पक्कं बसवावं. टबाच्या आत उभी पट्टी चिकटवावी. पाण्यात थोडं दूध घालावं, म्हणजे पाणी अपारदर्शक होऊन काठाची रेघ स्वच्छ उमटते. १२ मिमी पाणी वाढवायचं, बरोबर वरून फोटो काढायचा, पुन्हा १२ मिमी. शेवटी नाकाचा शेंडा बेटासारखा उरतो.

यात तीन ठिकाणी चूक होते. पहिली: डोक्याचा सर्वांत रुंद भाग कानांजवळ असतो. त्याच्या खालची पाण्याची रेघ वरून झाकली जाते आणि फोटोत तोच रुंद आकार पुन्हा पुन्हा येतो. म्हणून पुढचे आठ छेद चेहरा वर ठेवून घ्यायचे आणि मागचे आठ डोकं पालथं करून. दुसरी: पालथ्या डोक्याचे फोटो मागच्या बाजूने काढलेले असतात, ते संगणकावर डावं-उजवं उलटावे लागतात. हे विसरलं तर उजवा कान मागे गेल्यावर डावीकडे निघतो. तिसरी: पाणी वर येतं तसं ते कॅमेऱ्याच्या जवळ येतं आणि आकार मोठा दिसतो. कॅमेरा २ मीटरवर असेल आणि पातळी ९ सेंमी चढली, तर फरक साडेचार टक्क्यांचा पडतो. थर्मोकोलच्या तुकड्यावर लहान मोजपट्टी ठेवून ती पाण्यावर तरंगत सोडावी. प्रत्येक फोटोत त्या पातळीचं माप आपोआप येतं.

आत काय कोरायचं

बाहेरच्या त्वचेची रेघ सगळ्या काचांवर येईल. प्रश्न आतला आहे. आपल्याकडे पंचकोशांची कल्पना आहे: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. थर म्हटलं की ती आठवते आणि पाच काचांवर पाच नावं कोरावीशी वाटतात. तसं करू नये. अक्षर आलं की डोळा वाचू लागतो आणि बघणं थांबतं. फुलपाखरू, साखळी, पिंजरा ही ठरलेली चिन्हंही नकोत.

एक मांडणी सुचवतो, कारण ती काचांच्या क्रमाशी नैसर्गिकपणे जुळते. कोकणातलं घर पुढून मागे उलगडतं: खळं, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, परसातली विहीर. डोकंही पुढून मागेच उलगडतंय. चौथ्या काचेवर कवटीच्या रेघेच्या आत ओटीचा दरवाजा, सहावीवर माजघराचा, आठवीवर चुलीचा कोनाडा, दहावीवर पडवीचे खांब आणि बारावीवर विहिरीचा रहाट. दरवाजांच्या चौकटी एका सरळ रेषेत ठेवाव्यात आणि प्रत्येक मागची चौकट तिच्या पुढच्या चौकटीपेक्षा थोडी लहान काढावी. समोर उभ्या राहणाऱ्याला कपाळाच्या आत थेट परसापर्यंत दिसतं. ज्याचं डोकं, त्याच्या घराचीच मापं घ्यावीत, उंबऱ्याची झीजसुद्धा.

पुढच्या काचांवर रेषा कमी आणि बारीक, मागच्यांवर जास्त. पुढे गर्दी केली तर मागचं सगळं झाकलं जातं.

काचा चिकटवू नयेत, खाचेतून उचलता याव्यात. पहिलीच्या जागी दुसरी बसवता येते, उदाहरणार्थ दशावतारी नटाच्या रंगरेषांची: भुवईची कमान, कपाळाचा टिळा, मिशीचा पीळ. आतलं घर तेच आणि चेहरा बदललेला. दशावतारात नट स्वतःच्या हाताने चेहरा रंगवतो आणि खेळ संपला की तोच रंग पुसून घरी जातो. हा बदल बघणाऱ्याने स्वतः करून बघावा, म्हणून सुटी काच.

कोरकाम

छेदाचा छापील कागद काचेखाली चिकटवायचा आणि १ ते दीड मिमीच्या हिऱ्याच्या गोल टोकाने वरून कोरायचं. सगळ्या काचा एकाच बाजूने कोराव्यात, नाहीतर अंतर कुठे ८ तर कुठे १६ मिमी होतं. क्रमांक खालच्या डाव्या कोपऱ्यात, खाचेत लपेल असा घालावा. टोकावर सतत पाण्याचा थेंब हवा. कोरडं कोरलं तर काच एकाच जागी तापते आणि रेघेच्या काठाने कपच्या उडतात. दाब देऊ नये, एकच रेघ तीन-चार हलक्या फेऱ्यांत न्यावी. खोली अर्ध्या मिमीच्या आत पुरते. गॉगल आणि एन-९५ मास्क पाणी वापरत असलात तरी लावायचाच.

मोठे भाग धुरकट करायला वाळूचा मारा करतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत आणि ती वाळू जिल्ह्यात सहज मिळते, म्हणून हे स्पष्ट लिहितो: माऱ्यासाठी सिलिका वाळू कधीही वापरू नका. मारा करताना ती फुटून इतकी बारीक होते की फुप्फुसात खोल जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड घ्यावी आणि काम बंद पेटीत करावं. काच खाणारी आम्लं आणि मलमंही घरच्या कामात आणू नयेत. त्यातलं फ्लोराइड कातडीतून आत शिरतं आणि वेदना उशिरा सुरू होतात.

बैठक

बैठकीला फणसाचं लाकूड चांगलं. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा हलका आणि मऊ असतो, चौदा किलोच्या काचांना त्याच्या खाचांच्या भिंती पुरणार नाहीत. जांभ्याची बैठक दिसायला देखणी, पण तो दगड सच्छिद्र आहे, पाणी धरतो आणि खाचेचे काठ झडतात.

खाच १५ मिमी खोल आणि ५ मिमी रुंद असावी, दोन्ही बाजूंनी अर्ध्या मिमीचं रबर लावून. पावसात लाकूड फुगतं. ४ मिमीच्या काचेला नेमकी ४ मिमीचीच खाच दिली, तर जुलैत कड चेपून कोपरा उडतो. सुताराला सांगावं की प्रत्येक खाचेचं माप एकाच टोकापासून घ्यायचं, आधीच्या खाचेपासून नाही. प्रत्येक वेळी अर्धा मिमी चुकला, तर शेवटच्या काचेपर्यंत साडेसात मिमीचा घोळ होतो आणि दरवाजांची रांग मोडते.

खालून एलईडीची पट्टी द्यायची. इथे काचेचा एक गुण कामी येतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, १.५२ असतो, आणि तो १.४१ पेक्षा जास्त असल्यामुळे सपाट कडेतून आत शिरलेला प्रकाश समोरच्या किंवा मागच्या पृष्ठभागातून बाहेर पडूच शकत नाही. तो आतल्या आत आपटत वर जातो. जिथे कोरलेली रेघ भेटते तिथेच सांडतो. त्यामुळे काच काळी राहते आणि रेघ पेटते. पण बोटांचे ठसे आणि तेलही त्याच नियमाने पेटतात, म्हणून काचा बसवताना सुती हातमोजे घालावेत. खालच्या रेषा प्रकाशाचा मोठा वाटा घेऊन टाकतात. त्या उथळ आणि वर जाऊ तशा थोड्या खोल कोरल्या की उजेड सारखा पडतो. पट्टी सिलिकॉनच्या आवरणातली घ्यावी. सिलिकॉन लावायची वेळ आली तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नये, त्यातलं आम्ल तारांचे जोड गंजवतं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्यावं.

ओतीव डोकं

चेक प्रजासत्ताकातल्या झेलेझ्नी ब्रॉद इथल्या स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या जोडीने १९५०च्या दशकात ओतीव काचेची भाषाच बदलली. आकार बाहेरून घडवण्याऐवजी त्यांनी तो काचेच्या पोटात उलटा, पोकळी म्हणून ठेवला. काच पातळ तिथे रंग उजळ, जाड तिथे गडद. छटा फक्त जाडीने येते.

भरीव काचेच्या पाठीमागून चेहरा पोकळ खोदला आणि समोरून बघितलं, तर तो आत गेलेला न दिसता बाहेर आलेला दिसतो. बघणारा हलला की तो चेहराही मान वळवल्यासारखा वाटतो. चेहरा बाहेर उचललेलाच असतो हे मेंदूला इतकं पक्कं ठाऊक असतं, की तो डोळ्यांचं म्हणणं बाजूला सारतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांना हा भ्रम कमी होतो, पोकळ चेहरा त्यांना बरेचदा पोकळच दिसतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. आजारी मन दाखवायला तडकलेली काच वापरणाऱ्यांनी यावर विचार करावा. ती उपमा सोपी आहे आणि माणसाला दुखावणारी आहे. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स स्वतःला काचेचा समजायचा आणि कुणाचा धक्का लागून फुटू नये म्हणून कपड्यांना आधार शिवून घ्यायचा. त्याच्यासाठी ती उपमा नव्हती, रोजची भीती होती.

ओतीव कामात खरी कसोटी असते ती काच थंड करण्याची. कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जाड काचेत तेच संथपणे घडतं: बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि ताण कायमचा कोंडला जातो. जाडी दुप्पट झाली की थंड करण्याचा वेग चौथ्या हिश्शावर आणावा लागतो. ओतकामाच्या एका प्रचलित काचेसाठी, जी ४८२ अंशांवर ताण सोडते, २५ मिमी जाडीला सुरुवातीचा वेग तासाला १५ अंश असतो आणि ५० मिमीला ३.८. सगळं मिळून ५० मिमीला जवळपास दोन दिवस लागतात आणि १०० मिमीला सुमारे १७० तास, म्हणजे सात दिवस. त्या सात दिवसांत वीज जाऊन चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. जाड काम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत भट्टीत घालू नये. जनरेटर असला तरी धोका राहतो. ताण उरला आहे का, हे बघायला दोन पोलराइझ्ड (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश सोडणाऱ्या) फिल्म आडव्या-उभ्या धरून मध्ये काच ठेवावी. ताण असेल तिथे उजेड चमकतो. वेगवेगळ्या दुकानांतल्या काचा एकत्र वितळवू नयेत. त्यांचं आकसणं वेगळं असतं आणि तडा काही दिवसांनीही जातो.

किनाऱ्यावरची निगा

समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ काचेवर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्यावरच असते. मग काचेवर चिकट धुरकट पापुद्रा येतो. तो कोरड्या फडक्याने पुसू नये, मीठ आणि वाळूचे कण चरे पाडतात. काच खाचेतून उचलावी, शुद्ध केलेल्या पाण्याने धुवावी आणि उभी निथळत ठेवावी. विहिरीच्या पाण्यातले क्षार सुकल्यावर डाग ठेवतात, आणि डाग रेघेसारखाच पेटतो.

शिल्प अशा उंचीवर ठेवावं की चेहऱ्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर येईल. मागे अंधार हवा, खिडकी नको. दोन्ही बाजूंनी चालायला जागा हवी, कारण अर्धं काम चालण्यातच आहे. समोरून थोडं सरकलं की डोकं वळल्यासारखं दिसतं. ४५ अंशांवर गेलं की शेजारच्या दोन काचांवरच्या रेषा एकमेकींपासून जवळपास १० मिमी सरकतात, तेव्हा डोळ्याला त्या जोडताना कष्ट पडू लागतात. पूर्ण बाजूला गेलं की माणूस नाही, घर नाही, सोळा हिरव्या कडा उभ्या.

घरात काचेचं कौल असेल तर माजघर ही उत्तम जागा. मे महिन्यात कोकणात सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. जमिनीवर उन्हाचा चौकोन कुठून कुठे सरकतो ते दोन दिवस खडूने आखून घ्यावं आणि त्या वाटेवर शिल्प मांडावं, चेहरा पश्चिमेला, समुद्राकडे. एलईडी बंद करावी. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो म्हणून ऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. कौल शिल्पाच्या माथ्यापासून ३ मीटर उंच असेल, तर उन्हाचा काठ मिनिटाला सुमारे १३ मिमी पुढे जातो, म्हणजे साधारण एक काच. उन्हाचा काठ थोडा पुसट असल्याने दोन-तीन काचा एकदम उजळू लागतात. आधी चेहरा पेटतो, मग ओटी, मग माजघर, चूल, पडवी, आणि बाराव्या मिनिटाच्या आसपास विहिरीचा रहाट.